नळी तोंडात, पाय जमिनीवर

व्हेंटिलेटरवरच्या माणसाला चालवायचं तर निदान चार जण लागतात. फिजिओथेरपिस्ट समोरून कमरेचा पट्टा धरते. सिस्टर तोंडातल्या नळीजवळ उभी राहते आणि तिचा हात नळीवरून क्षणभरही हलत नाही. तिसरा माणूस व्हेंटिलेटर ढकलतो. बॅटरीवर चालणारं यंत्र नसेल तर अँबू बॅग, म्हणजे हाताने हवा भरायची पिशवी, दाबत सोबत चालतो. चौथे वॉर्डातले मामा रिकामी व्हीलचेअर घेऊन मागोमाग असतात, कारण पेशंटचे पाय कधी दगा देतील याचा नेम नसतो. त्याआधी बराच वेळ नुसत्या आवराआवरीत गेलेला असतो. सलाइनच्या नळ्या एका बाजूला घ्यायच्या, लघवीची पिशवी खाली अडकवायची, मॉनिटरच्या तारा सोडवायच्या, नळीतला कफ ओढून काढायचा. एवढा खटाटोप करून पहिल्या दिवशी पेशंट चालतो किती, तर पलंगापासून खुर्चीपर्यंत. तीन-चार पावलं.

आपल्यापैकी बहुतेकांनी अतिदक्षता विभाग पाहिलेला असतो तो दाराच्या काचेतून. आत आपला माणूस निपचित. छाती यंत्राच्या तालावर वरखाली होतेय, हात पलंगाच्या कठड्याला पट्टीने बांधलेले. डॉक्टर सांगतात, झोपेचं औषध चालू आहे, त्यांना काही त्रास होत नाहीये. बाहेर बसलेल्यांना तेवढाच दिलासा. आजाऱ्याने पडून राहावं हे आपल्या इतकं अंगवळणी पडलंय, की तोंडात नळी असलेल्या माणसाला उठवून उभं करणं म्हणजे निव्वळ छळ वाटतो. पण गेल्या पंचवीस वर्षांतलं संशोधन चाळायला घेतलं की शंका डोकं वर काढते: ही निपचित अवस्था आजाराने आणलेली किती आणि उपचारांच्या सवयीने किती?

अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीमधल्या एलडीएस हॉस्पिटलात पॉली बेली या परिचारिकेला ही शंका १९९० च्या दशकात आली. आयसीयूतून वाचून गेलेल्या एका स्त्रीला त्या नंतर घरी जाऊन भेटल्या. रुग्णालयाच्या हिशेबात ती केस यशस्वी होती. घरात मात्र त्या बाईला साधी उठबस जमत नव्हती. जीव वाचवण्यासाठी आपण जे सगळं केलं त्याची ही बाजू बेली यांना विभागाच्या चार भिंतींत कधी दिसलीच नव्हती. दिसणार कशी? रुग्ण दाराबाहेर गेला की आयसीयूची फाइल बंद होते.

पुढे डॉ. टेरी क्लेमर आणि इतर सहकाऱ्यांच्या साथीने त्यांनी उलटी रीत सुरू केली. झोपेची औषधं जमतील तितकी कमी करायची आणि नाडी-रक्तदाब-ऑक्सिजन जरा स्थिरावला की पेशंटला आधी पलंगाच्या कडेला बसवायचं, मग खुर्चीत, मग पॅसेजमध्ये. २००७ साली त्यांनी १०३ रुग्णांचा हिशेब प्रसिद्ध केला. उठणं, बसणं, चालणं असे १,४४९ प्रसंग नोंदले होते आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक वेळा रुग्ण चालले होते. कुणी मध्येच गुडघ्यावर आलं, कुणाची नाकातली अन्ननळी निघाली, कुणाचा रक्तदाब उतरला. असं सगळं मिळून १ टक्क्याहून कमी वेळा घडलं. ज्या गोष्टीची प्रत्येक डॉक्टरला धास्ती असते, ती श्वासाची नळी निसटण्याची घटना एकदाही घडली नाही. श्वसनाच्या आयसीयूतून बाहेर पडताना यांतले ६९ टक्के रुग्ण १०० फुटांहून अधिक चालत होते.

वाचणाऱ्याला हे नवं वाटतं. खरं तर ते जुनंच होतं.

१९५२ च्या उन्हाळ्यात कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली. ब्लेगडॅम हॉस्पिटलात सुरुवातीला आलेल्या, घसा आणि श्वास लुळा पडलेल्या ३१ रुग्णांपैकी २७ जण तीन दिवसांच्या आत दगावले. रुग्णालयाकडे लोखंडी फुप्फुस नावाचं मोठं यंत्र एकच होतं, आणि छातीवर बांधायची सहा छोटी यंत्रं. २७ ऑगस्टला ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने बारा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला छेद देऊन नळी घालायला लावली आणि रबरी पिशवीने हाताने हवा भरून तिला जगवलं. मग वैद्यकीचे विद्यार्थी बोलावले गेले. सुमारे १,५०० विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, महिनोन् महिने, हाताने पिशव्या दाबल्या. मृत्यूचं प्रमाण ८७ टक्क्यांवरून यथावकाश २५ टक्क्यांच्या आसपास आलं. पुढच्या वर्षी इब्सेनने त्याच शहरात जो विभाग उभा केला, तो जगातल्या पहिल्या अतिदक्षता विभागांत मोजला जातो.

या कहाणीत यंत्राचं, शोधाचं, मृत्यूच्या आकड्यांचं वर्णन नेहमी होतं. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते: हे रुग्ण जागे होते. उशाशी बसून पिशवी दाबणारा विद्यार्थी त्यांना पुस्तक वाचून दाखवायचा, त्यांच्याशी खेळायचा, त्यांच्या डोळ्यांतल्या खुणा ओळखायचा. अतिदक्षतेचा जन्म जाग्या रुग्णांच्या उशाशी झाला.

मग झोप आली कुठून? डेन्व्हरचे डॉ. थॉमस पेटी हे एआरडीएस या फुप्फुसाच्या गंभीर आजाराचं वर्णन १९६७ साली पहिल्यांदा मांडणाऱ्यांपैकी एक. त्यांनी १९९८ मध्ये एका संपादकीयात खंत व्यक्त केली: साठच्या दशकात आमच्या विभागातले रुग्ण जागे असत, खुर्चीत बसत, आणि आता फेरीला जावं तर सगळीकडे स्नायू सैल करून झोपवून ठेवलेली, मृतवत दिसणारी शरीरं. मधल्या तीस वर्षांत व्हेंटिलेटर गुंतागुंतीचे झाले होते. श्वास आत जास्त वेळ आणि बाहेर कमी वेळ, असे उलटे ताल वापरात आले. ते जागेपणी कुणालाही सोसवत नाहीत. रुग्ण यंत्राशी झगडू लागला की त्याला झोपवायचं, तरीही झगडला तर स्नायू लुळे करणारं औषध द्यायचं. त्यात थेंबाथेंबाने अखंड औषध सोडणारे पंप आले. पंप चालू करायला एक ऑर्डर पुरते. बंद करायला मात्र कुणीतरी उशाशी उभं राहावं लागतं, रुग्ण दचकून उठला तर त्याचा हात धरावा लागतो, तो नळीकडे हात नेईल तेव्हा समजवावं लागतं. ज्या विभागात सिस्टर कमी आणि पंप जास्त, तिथे पंपच जिंकतो. यात कुणाची दुष्टबुद्धी नव्हती. माणसाला यातलं काही आठवू नये, अशीच सदिच्छा होती.

२००० साली शिकागो विद्यापीठातल्या डॉ. जॉन क्रेस यांच्या गटाने साधी गोष्ट करून पाहिली. १२८ रुग्णांपैकी निम्म्यांचं झोपेचं औषध दररोज एकदा पूर्ण थांबवायचं आणि ते जागे होईपर्यंत वाट पाहायची. या रुग्णांचा व्हेंटिलेटर साधारण ४.९ दिवसांत सुटला, बाकीच्यांचा ७.३ दिवसांत. नवं यंत्र नाही, नवं औषध नाही. चालू असलेलं औषध बंद करायचं, एवढाच उपचार.

०

पडून राहण्याने शरीराचं काय होतं, ते डॉक्टरांना ठाऊक नव्हतं असं नाही. लंडनचे रिचर्ड अॅशर यांनी १९४७ सालीच अंथरुणाला खिळण्याच्या धोक्यांवर खरमरीत लेख लिहिला होता आणि शस्त्रक्रियेनंतर, बाळंतपणानंतर लवकर उठवायची पद्धत त्या काळात रूढही होत गेली. आयसीयूतल्या रुग्णाला मात्र कायम सूट मिळाली. एवढ्या आजारी माणसाकडून व्यायामाची अपेक्षा कोण करणार?

मोजमाप झालं ते फार उशिरा. २०१३ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी ६३ गंभीर रुग्णांच्या मांडीचा स्नायू अल्ट्रासाउंडने वरचेवर मोजला. दहा दिवसांत त्याच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ सुमारे १८ टक्क्यांनी आटलं होतं. ज्यांचे एकाहून अधिक अवयव निकामी झाले होते, त्यांचं त्याहून जास्त. श्वासाचा पडदा तर आणखी लवकर आटतो. छातीच्या तळाशी भात्यासारखा हलणारा हा स्नायू, आणि यंत्राने त्याचं काम पूर्णच अंगावर घेतलं की त्याला चालवणारं कुणी उरत नाही. २००८ मध्ये अमेरिकेत मेंदूमृत अवयवदात्यांच्या पडद्याचे तुकडे तपासले गेले. १८ ते ६९ तास व्हेंटिलेटरवर गेले होते, तेवढ्यात स्नायुतंतूंच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ निम्म्याहून कमी झालं होतं. नळी काढायची वेळ येते तेव्हा "यांना वीनिंग (यंत्रावरून सुटणं) जमत नाहीये" असं फाइलवर लिहिलं जातं. त्यामागे पुष्कळदा हा आटलेला पडदा असतो.

टोरंटोच्या डॉ. मार्गारेट हेरिज यांनी एआरडीएसमधून वाचलेल्या १०९ जणांना वर्षभर पाहिलं. त्यांचं मधलं वय ४५, म्हणजे कर्तीसवरती माणसं. आजार फुप्फुसाचा होता आणि सहा महिन्यांत फुप्फुसं जवळजवळ पूर्ववत झाली. पाय झाले नाहीत. वर्षानंतर सहा मिनिटांत त्यांना साधारण ४२२ मीटर चालता येत होतं, वयाच्या मानाने अपेक्षित अंतराच्या दोन-तृतीयांश. कामावर परतले होते निम्मेच. पाच वर्षांनीसुद्धा चालण्याचा आकडा फारसा हलला नव्हता.

०

स्नायूंपेक्षाही अवघड भाग डोक्याचा. आयसीयूतल्या रुग्णाला भ्रम होतो. वैद्यकीत त्याला डेलिरियम म्हणतात. बडबड करणारा, नळ्या उपटणारा रुग्ण सगळ्यांना दिसतो. पण भ्रमाचा शांत प्रकारही असतो आणि तो जास्त आढळतो. डोळे उघडे, चेहरा कोरा, कशालाच प्रतिसाद नाही. अशा रुग्णाबद्दल पाळी बदलताना "शांत आहेत, काही तक्रार नाही" एवढंच सांगितलं जातं. बरे झाल्यावर हेच लोक काय काय सांगतात! आपल्याला पळवून नेलं होतं, सिस्टर विष टोचत होती, खोलीत पाणी भरत होतं. ते स्वप्न म्हणून सांगत नाहीत, घडलेलं म्हणून सांगतात.

नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या डॉ. वेस ईली यांच्या गटाने २००१ मध्ये तोंडात नळी असलेल्या, बोलू न शकणाऱ्या माणसाचा भ्रम ओळखायची एक चाचणी तयार केली. ती उशाशी दोन मिनिटांत होते. एक अक्षर ठरवायचं, ते ऐकू आलं की रुग्णाने हात दाबायचा. मग हो-नाहीचे सोपे प्रश्न: समुद्रात मासे असतात का? दगड पाण्यावर तरंगतो का? (हा दुसरा प्रश्न आपल्याकडच्या एखाद्या भाविक आजींना विचारताना जपून. सेतू बांधताना तरंगले होते, म्हणून त्या ठाम मान हलवतील आणि फाइलवर भ्रम म्हणून नोंद होईल.) याच गटाने २०१३ मध्ये ८२१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या ७४ टक्क्यांना इस्पितळात असताना कधी ना कधी भ्रम झाला होता. तीन महिन्यांनी दर दहांतल्या चौघांची बुद्धीची चाचणी डोक्याला मध्यम स्वरूपाचा मार लागलेल्या माणसासारखी येत होती. यांत तरुणही होते.

आणि इथेच चालण्याचा आणि शुद्धीचा धागा जुळतो. २००९ मध्ये शिकागो आणि आयोवातल्या दोन रुग्णालयांत १०४ रुग्णांवर चाचणी झाली. दोन्ही गटांचं झोपेचं औषध रोज थांबवलं जात होतं. एका गटाला त्याच वेळी, व्हेंटिलेटर लागल्यापासून पहिल्या दोन-तीन दिवसांतच, व्यायाम सुरू केला: हातपाय हलवणं, बसणं, दात घासणं, केस विंचरणं, उभं राहणं. घरी जाताना या गटातले ५९ टक्के रुग्ण स्वतःचं स्वतः करू शकत होते, दुसऱ्या गटातले ३५ टक्के. भ्रमाचे दिवस चारावरून दोनवर आले. स्नायूंचा व्यायाम आणि फायदा मेंदूला! शिकागोतच पुढे २०० रुग्णांवर झालेल्या चाचणीत वर्षानंतर बुद्धीवर परिणाम राहिलेले २४ टक्के निघाले, नेहमीच्या पद्धतीने उपचार झालेल्यांत ४३ टक्के.

मग सरसकट सगळ्यांना उठवायचं का? ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या पुढाकाराने झालेल्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ७५० रुग्णांच्या चाचणीने या उत्साहाला लगाम घातला. एका गटाला दररोज सुमारे २१ मिनिटं हालचाल, दुसऱ्याला नेहमीप्रमाणे सुमारे ९ मिनिटं. सहा महिन्यांत रुग्णालयाबाहेर काढलेले दिवस दोन्हीकडे जवळजवळ सारखे, आणि जास्त चालवलेल्यांत हृदयाची लय बिघडणं, रक्तदाब वरखाली होणं असे त्रास दुपटीहून अधिक. काहींनी यावरून लवकर उठवण्याचा विषयच मोडीत काढला. मला ते पटत नाही. त्या चाचणीतल्या दुसऱ्या गटालाही रोज उठवलं जातच होतं आणि झोपेचं औषध दोन्हीकडे जपून वापरलं जात होतं. नऊ मिनिटं आणि एकवीस मिनिटं यांतला फरक तिने मोजला. शून्य आणि नऊ यांतला नव्हे. आपल्याकडच्या बऱ्याच विभागांत प्रश्न शून्याचा आहे. रुग्ण जागा असेल तर तो स्वतःच सांगतो, आज दमलोय, पुरे. त्याला झोपवून ठेवलं तर ही मात्रा ठरवणार कोण?

०

महाराष्ट्रात या विषयाला एक विसरलेला पाया आहे. भारतातलं फिजिओथेरपीचं पहिलं शिक्षण मुंबईत, परळच्या केईएम रुग्णालयात, पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सुरू झालं, तेही पोलिओच्याच झळीतून. कोपनहेगनची साथ आणि परळची शाळा एकाच काळातल्या. तरीही आपल्याकडे आयसीयूत फिजिओ म्हटलं की नातेवाइकांच्या डोळ्यांसमोर येतं ते छाती थापटणं आणि कफ काढणं. बिलावरही तेच असतं. पायांसाठी कुणी बोलावलेलं नसतं.

२०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी भागात गिया-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकापाठोपाठ येऊ लागले. दूषित पाण्यातून पोटात गेलेला कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू काही नमुन्यांत सापडला. दोनशेहून अधिक संशयित रुग्ण झाले आणि बऱ्याच जणांना व्हेंटिलेटर लागला. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते. फुप्फुसं धड, मेंदू लख्ख, पण पायांपासून वर चढत आलेल्या लुळेपणाने श्वास बंद. म्हणजे पुन्हा कोपनहेगनसारखाच, यंत्रावरचा पूर्ण जागा माणूस, तोही कित्येक आठवडे. इथे पळवून चालवून भागत नाही. दमवलं तर दुबळा स्नायू आणखी थकतो. सांधे रोज हलवायचे, पाऊल खाली पडू नये म्हणून स्प्लिंट लावायचं, दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, आणि शक्ती परतेल तशी मात्रा वाढवायची. आणि बोलायचं. एकदा पापणी मिटली की हो, दोनदा मिटली की नाही. इंग्रजी अक्षरांचा तक्ता २६ घरांत बसतो. काना-मात्रा-वेलांट्यांसकट बाराखडी तशी बसत नाही. त्यापेक्षा "तहान", "दुखतंय", "कूस बदला", "लाइट बंद करा" असे तयार शब्द किंवा चित्रं असलेला पुठ्ठा उपयोगी पडतो, आणि तो घरची माणसंच सगळ्यांत चांगला बनवतात, कारण आजारी माणूस काय मागेल ते त्यांना ठाऊक असतं.

घरची माणसं म्हणजे आपल्याकडचं सर्वांत मोठं मनुष्यबळ, आणि ते चटई टाकून दाराबाहेर बसलेलं असतं. सकाळ-संध्याकाळ ठरलेली वेळ, चपला काढा, गाऊन घाला, पाच मिनिटांत बाहेर. जंतुसंसर्गाची भीती खरी आहे, जागा अपुरी आहे, आणि बाहेर बसलेल्यांची संख्या पाहता डॉक्टरांची धास्तीही समजते. करोनाच्या दोन वर्षांत तर दारं पूर्ण बंद झाली आणि गाढ झोपेची रीत परत आली. पण हात धुतलेली एक मुलगी रोज तासभर उशाशी बसली, वडिलांना त्यांचा चष्मा आणि कानाचं यंत्र लावलं, आज कोणता वार ते सांगितलं, आणि फिजिओने शिकवल्याप्रमाणे त्यांचा घोटा वर-खाली केला, तर चार हातांपैकी एक हात फुकटात मिळतो. ईली यांच्या गटाने रुजवलेल्या उपचारसूचीत नातेवाइकांचा सहभाग हा स्वतंत्र मुद्दा आहेच. रुग्णाच्या उशाशी वही ठेवायची, रोज काय घडलं ते सिस्टरने आणि घरच्यांनी त्यात साध्या भाषेत लिहायचं, अशी पद्धत युरोपात आहे. तिथल्या एका मोठ्या चाचणीत अशी वही मिळालेल्या रुग्णांत नंतरचा मानसिक आघात ५ टक्क्यांना झाला, न मिळालेल्यांत १३ टक्क्यांना. वहीची किंमत काय ते सांगायला नको.

पैशांचा मुद्दा टाळता येणार नाही. आयसीयूतला प्रत्येक दिवस घराला पोखरतो. दागिने, जमीन, उसनवारी. म्हणून यंत्र दोन दिवस आधी सुटणं ही इथे नुसती वैद्यकीय बाब राहत नाही. तरीही व्यवस्थापनाला नवं यंत्र घेणं सोपं वाटतं. रात्रपाळीला आणखी एक सिस्टर आणि रविवारीही येणारा फिजिओ ठेवणं अवघड.

रुग्णाची प्रगती मोजायला आयसीयूत शून्य ते दहाची एक पट्टी वापरतात. शून्य म्हणजे पडून, तीन म्हणजे पलंगाच्या कडेला बसणं, चार म्हणजे उभं राहणं, दहा म्हणजे कुणाच्या आणि कशाच्याही आधाराशिवाय चालणं. पुढे सहा मिनिटांची चाल मोजतात, सपाट पॅसेजमध्ये. ही मापं जिथे तयार झाली तिथली घरं खुर्ची-पलंगाची. आपल्याकडे दहा गुण मिळवून घरी गेलेला माणूस पहिल्याच सकाळी उकिडवं बसायच्या संडासात अडकतो. जेवायला मांडी घातली की उठता येत नाही. एसटीची पहिली पायरी चढवत नाही. म्हणून जाणते फिजिओथेरपिस्ट डिस्चार्जच्या बरंच आधी नातेवाइकांना विचारून घेतात: घर कितव्या मजल्यावर, जिन्याला कठडा आहे का, गादी जमिनीवर घालता की पलंग आहे, संडास कोणत्या पद्धतीचा, शेतात आहे का घरात. उत्तरांप्रमाणे व्यायाम बदलतो. खुर्चीतून हात न टेकता उठणं आधी दहा वेळा, मग खुर्चीऐवजी स्टूल, मग पाट, आणि शेवटी भिंतीला धरून जमिनीवरून उठणं. ते जमेपर्यंत दोन-तीन महिने कमोडची खुर्ची भाड्याने आणायची.